एकट्याला धुता येईल असा फिल्टर

अप्पारावांच्या घरात दुसऱ्याचं भांडं कधी मुक्कामाला राहिलं नाही. शेजारच्या सरूबाईंनी सकाळी वाटीभर शेवग्याची भाजी दिली, की संध्याकाळी ती वाटी घासून-पुसून, वर बिस्किटाचा पुडा ठेवून, परत. रिकामं भांडं परत करू नये हे सगळेच पाळतात. अप्पाराव मात्र असं पाळत, की जणू रात्र उलटली तर वाटी पिल्लं घालील. सरूबाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या घरून भांडं लई लवकर परत येतंय, भाऊ." अप्पारावांना वाटलं, बाई तारीफ करतेय.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात या माणसानं उभी हयात स्टोअर सांभाळलं. मालकाचा मेहुणा आला तरी चिठ्ठीशिवाय वायसर बाहेर जायचा नाही. पण ही सवय कारखान्यातली नव्हती, त्याच्याही आधीची होती. दुसऱ्याच्या विहिरीवर ओंजळ पुढं करून उभं राहावं लागलेल्या बापानं शिकवलं होतं, "कुणाचं काही ठेवून घेऊ नको, म्हंजी मान वाकत नाय." शिकवण सोळा आणे खरी होती, आणि त्या काळात लागतही होती. अप्पारावांची मान शेवटपर्यंत वाकली नाही. फक्त, ज्याचं कुणाशी काही राहिलेलंच नाही त्याच्या फाटकाची कडी वाजवायला कुणाला काही कारणही राहत नाही, हे बापाला ठाऊक नसावं.

बायको, संध्याबाई, वारल्यावर ती कडी एकच माणूस वाजवायचा. सरूबाईंचा नवरा, बद्रीनाथ. आणि तोही माशांपायी.

घर हर्सूलच्या अंगाला. मागच्या अंगणात जुना सिमेंटचा हौद होता. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या या शहरात असा हौद घरोघर असतो. पुढं जमिनीखाली टाकी झाली आणि हौदातलं पाणी नुसतं साचून राहू लागलं. एका वर्षी डेंग्यूच्या साथीत महापालिकेची माणसं आली आणि डासांच्या अळ्या खायला त्यात गप्पी मासे सोडून गेली. संध्याबाईंना ते आवडले. मग बंगळुरूहून सुटीत आलेल्या मेघानं, त्यांच्या लेकीनं, त्यात रंगीत मासे आणून सोडले. त्यांतली एक नारिंगी मासोळी जाडजूड होती, खायला सगळ्यांच्या आधी पुढं आणि बाकीच्यांना शेपटीनं बाजूला सारणारी. संध्याबाईंनी तिचं नाव ठेवलं पाटलीणबाई.

या हौदाला पहिला फिल्टर जोडला तो बद्रीनाथनं. निळा प्लास्टिकचा ड्रम, आत त्याच्या फुलंब्रीच्या शेतातल्या ओढ्याचे गोटे, वर स्पंज, खाली मोटार. पाणी झकास राहायचं. खोड एकच होती. ड्रम धुवायचा तर दोन माणसं लागायची. एकानं तिरका धरायचा, दुसऱ्यानं गाळ उपसायचा. म्हणून ज्या दिवशी नळाला पाणी यायचं, त्या दिवशी बद्रीनाथ लुंगी खोचून हजर व्हायचा.

"चला स्टोअरसाहेब, तुमचं गटार उपसू."

"गटार नाही, फिल्टर आहे."

"नाव काय बी ठेवा. वास त्योच येतोय."

गाळाचं काळं पाणी बद्रीनाथ आपल्या पेरूला घालायला न्यायचा. त्याआधी चहा व्हायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं; नगरसेवकापासून जावयापर्यंत सगळ्यांची हजामत करून मगच तो उठायचा. अप्पाराव मोजकं बोलायचे. पण तो गेल्यावर दोन्ही कप धुताना त्यांना घर जरा भरल्यासारखं वाटायचं.

मग एकदा ड्रम उचलताना बद्रीनाथनं कमरेवर हात ठेवला आणि कण्हत म्हणाला, "लई दिवस फुकटात राबवून घेतलं राव तुम्ही. आता या कमरेची भरपाई कोण देणार?"

आता ही चेष्टा होती, हे पेरूच्या झाडालाही कळलं असतं. अप्पारावांना कळलं नाही. त्यांच्या कानात 'फुकटात' हा एकच शब्द राहिला. म्हणजे आपण या माणसाचे इतकी वर्षं मिंधे आहोत, आणि हा ते मनात धरून आहे! त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेघाचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "नवा फिल्टर घ्यावा म्हणतो."

"घ्याच बाबा. धुवायला सोपा बघा, तुमच्या वयाला झेपेल असा. बरं, मी मीटिंगमध्ये जाते हं."

गुलमंडीच्या बाजारामागं इंद्रजीत नावाच्या पोराचं माशांचं दुकान होतं. पोरगा बोलका. त्यानं एक डबा उघडून दाखवला. आत तीन स्पंज, काढा आणि पिळा. दुसरा पिंपासारखा गोल, त्याला वर दांडा. "काका, ये देखो. दांडा फिरवला की आतल्या आत धुतलं जातं. घाण पाइपानं बाहेर. हात बी ओला होत नाही." हौद केवढा, मासे किती, हे सगळं त्यानं विचारलं. अप्पारावांनी विचारलं एवढंच, "याला दुसरा माणूस लागत नाही ना?"

"दुसरा? काका, तुमचाबी एकच हात लागंल."

सौदा तिथंच झाला. हा फिल्टर कधी धुवावा, किती धुवावा, हे ऐकायला अप्पाराव थांबलेच नाहीत.

जुना ड्रम त्यांनी गोट्यांसकट, तळच्या पाण्यासकट बद्रीनाथच्या फाटकापर्यंत घसटत नेला. "हा ठेवा तुम्हाला. आता तुमच्या कमरेला त्रास नाही. फिटलं सगळं."

बद्रीनाथनं ड्रमाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "फिटलं?" तो म्हणाला. काहीतरी झणझणीत येणार म्हणून अप्पाराव उभे राहिले. पण तो नुसता "बरं" म्हणाला आणि ड्रम ओढत पेरूखाली घेऊन गेला. एवढ्या मोठ्या तोंडातून एवढासा शब्द पडलेला अप्पारावांनी कधी ऐकला नव्हता.

पुढच्या खेपेला नळाला पाणी आलं. अप्पारावांनी दांडा फिरवला. काळं पाणी पाइपातून नालीत गेलं. हात खरंच ओला झाला नाही. चहा ठेवला, तो एकच कप. भिंतीपलीकडं बद्रीनाथ खाकरला, त्याच्या बादलीची कडी वाजली, सरूबाईंनी त्याला कशावरून तरी झापलं. फाटकाची कडी काही वाजली नाही.

मग त्यांनी दुसऱ्या दिवशीही दांडा फिरवला. धुवायला सोपाच होता, आणि दुसरं करायला होतं तरी काय? सकाळी एकदा, उन्हं उतरल्यावर एकदा. त्यानं भागेना, तेव्हा झाकण उघडून आतले स्पंज काढून नळाखाली चोळू लागले, पांढरे होईस्तोवर. संध्याबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, अहो, किती घासाल, झिजेल ते. पाणी असं नितळ झालं, की तळाचं सिमेंट दिसायला लागलं आणि त्यावर उमटलेला गवंड्याचा अंगठाही. अप्पाराव काठावर बसून ते पाणी बघत. दाखवायला मात्र कुणी नव्हतं. मेघाला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

आणि त्या नितळ पाण्यात मासे तोंड वर काढून उघडझाप करायला लागले. पाटलीणबाईनं खाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी ती कुशीवर कललेली दिसली. अप्पारावांनी तिला ओंजळीत धरलं. संध्याबाईंनी नाव ठेवलेली एवढी एकच जिवंत वस्तू घरात उरली होती. कल्ला हलत होता, जेमतेम.

त्यांनी इंद्रजीतला फोन लावला.

"काका, किती दिवसांनी धुता?"

"रोज. दोनदा. स्पंज नळाखाली, अगदी स्वच्छ."

"अरे काका! सोपा हाय म्हणून रोज धुवायचा नसतो. त्या स्पंजाच्या मळात बारीक जीव ऱ्हातात, माशांची घाण तेच खातात. तुम्ही त्यांना वस्ती करूच दिली नाय. नळाच्या पाण्यात औषध असतंय, सगळे साफ. आता पाण्यात जहर साचतंय, दिसत नाय तेवढंच. अर्धं पाणी काढा, टाकीत मुरलेलं साधं पाणी घाला. आणि जुन्या फिल्टरचे गोटे हायत का? मळके, ओले? ते आणून टाका. नाहीतर नवा मळ धरायला लई दिवस जातील. मासे थांबायचे नाहीत तोवर."

अप्पारावांनी फोन ठेवला. कुणाच्या दारात मागायला जायचं तर आधी हातात काय न्यायचं, हे ठरवल्याशिवाय ते उठत नसत. पेढे? फळं? पण पाटलीणबाईचा कल्ला डोळ्यांपुढून हलेना. ते तसेच निघाले, मोकळ्या हातानं, पायात एक चप्पल आपली आणि एक संडासातली.

बद्रीनाथ पेरूखाली बाज टाकून पडला होता. उठला नाही. "काय स्टोअरसाहेब? आज बिनगेटपासचे?"

"बद्रीनाथ..." अप्पारावांनी ड्रमाकडं बोट केलं. "ते गोटे... धुतले का तुम्ही?"

"मी? मी माझी पाठ धुवत नाय रोज, गोटे कुठून धुतो?"

"मला पाहिजेत ते. मासे मरायला लागलेत."

बद्रीनाथ ताडकन उठला. कंबरबिंबर काही आड आलं नाही. ड्रमावरचं फळकूट त्यानं बाजूला केलं. आत हिरवट पाणी, शेवाळलेले गोटे, आणि त्यांच्यातून बारीक बारीक गप्पी सुळकन पळाले.

"तुमचे दोन आले होते ड्रमासंगं," तो म्हणाला. "म्हणून पाणी ओतलं नाय. रोज तांब्याभर टाकत होतो टाकीतलं. बघा, आता खानदान झालं. म्हटलं, सांगावं का नको. तुम्ही तर फिटलं म्हणून गेले."

अप्पाराव ड्रमावर वाकून पिल्लं मोजू लागले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांनी त्याचा साठा कधी ठेवलेलाच नव्हता.

बद्रीनाथनं हिरव्या बादलीत गोटे भरले. बादलीचा कान तुटलेला, तारेनं बांधलेला. घरातून कांद्याची जाळीची पिशवी आणली. दोघांनी बादली उचलून नेली, पिशवीत गोटे घालून नव्या फिल्टरच्या मोटारीच्या तोंडाशी सोडले, अर्धं पाणी उपसून बदललं. तेवढ्यात सरूबाईंनी जेवायला हाक मारली.

"चहा..." अप्पाराव म्हणाले.

"आता नको. ती बाई हाणील मला," म्हणत तो गेला. बादली राहिली.

संध्याकाळी अप्पारावांनी बादली घासली. सवयीनं हात फडताळाकडं गेला, बिस्किटाचा पुडा निघाला, बादलीत पडला. फाटकापर्यंत गेले. भिंतीपलीकडं बद्रीनाथ जावयाची हजामत करत होता, सरूबाई हसत होत्या. अप्पाराव बराच वेळ कडीवर हात ठेवून उभे राहिले. मग मागं फिरले. पुडा फडताळात ठेवला. बादली हौदाच्या काठावर उपडी घातली.

पाणी हळूहळू गढूळ झालं, अंगठा दिसेनासा झाला. पाटलीणबाई सरळ झाली. खायला मात्र अजून सगळ्यांच्या मागं येत होती. अप्पाराव दांड्याला हात लावायचे नाहीत, नुसते बघत बसायचे. दिवस लांबच लांब जायचे. बादली दिसली की ते तोंड फिरवायचे. दुसऱ्याची वस्तू, घरात, इतके दिवस!

नळाला पाणी आलं त्या सकाळी भिंतीवरून आवाज आला, "अहो स्टोअरसाहेब! आमची बादली हाय का तिकडं?"

अप्पाराव हौदाच्या काठावरच बसले होते. बादली त्यांच्या गुडघ्याला लागत होती. त्यांनी ती उचलली आणि मोगऱ्याच्या कुंडीमागं सरकवली.

"सापडत नाही बुवा," ते म्हणाले. आवाज जरा चिरकला. "तुम्हीच या. बघा तुम्हाला सापडते का."

अप्पारावांनी उठून चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं, आणि कडीकडं कान लावून उभे राहिले.