कुलपातलं यंत्र

तातडीच्या विभागात भांडाराच्या किल्ल्या जिच्या कमरेला असत, तिला सगळे कुलूपबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचा राग नसे. कुलूप नसतं तर या दवाखान्याच्या खिडक्यांचे गजसुद्धा उरले नसते, असं ती म्हणे, आणि ते काही फारसं खोटं नव्हतं.

तिचा नवरा तिथलाच रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. त्यांचं लग्न झालं तेव्हा रुग्णवाहिका म्हणजे दुधाची जुनी गाडी होती. आत एक बाक टाकलेला. उन्हात तापली की तिला आंबूस वास सुटे. ढकलल्याशिवाय ती हलत नसे आणि ढकलायला रोग्याचेच नातेवाईक लागत. "लावा जोर, जावईबापू! सासरा तुमचा आहे, माझा नाही," असं ड्रायव्हर खिडकीतून ओरडे, तेव्हा रडवेली माणसंही हसत. ती गाडी गेली, पण तिच्या गोष्टी तो शेवटपर्यंत सांगत राहिला.

मग परदेशाची मदत येऊ लागली. पहिल्या खेपेला चाकांच्या खाटा आल्या. बघता बघता काहींची चाकं निखळली, काही खाटा तर कुठे गेल्या ते कुणालाच कळलं नाही. मदत देणारे पाहुणे पाहणीला आले तेव्हा दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत कुलूपबाईकडे बोट दाखवलं. पुढे बरीच वर्षं मदत बंद झाली. ते बोट ती विसरली नाही.

म्हणून या खेपेला नवी पांढरी गाडी आली, आणि तिच्यासोबत बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र आलं, तेव्हा गाडी नवऱ्याच्या ताब्यात गेली आणि यंत्र तिच्या कपाटात. शिकवायला आलेली परदेशी बाई दुभाष्यामार्फत परत परत सांगत होती, हे गाडीत ठेवा आणि गाडी उभी असेल तेव्हा याची वायर भिंतीतल्या विजेला लावलेली असू द्या. कुलूपबाईने मान डोलावली. पण ती बाई गेल्यावर मोठे साहेब म्हणाले, "इथली वीज म्हणजे आली तर आली. यंत्र जळलं तर? नुसता ओरखडा आला तरी मी तुम्हाला विचारीन." तिने यंत्राला त्याचाच प्लास्टिकचा कागद परत गुंडाळला, वरून जुनी चादर घातली आणि कुलूप लावलं.

"बाईसाहेब," ड्रायव्हर जेवताना म्हणे, "आज परत एक जण वाटेत गेला. यंत्र गाडीत असतं तर..."

"तर तोही गेला असता आणि यंत्रही."

"अंडी उबवतेयस का त्यावर?"

"पाहुणे एकदा बघून जाऊ देत. मग न्या, उशाला घेऊन झोपा."

"मग दारावर पाटीच लावतो. पाहुणे येईपर्यंत कुणी मरायचं नाही."

तिने भांडी जरा जोरात आदळली.

एका दुपारी तो रोग्याला सोडून आला आणि आवारात गाडीची काच पुसत होता. फडकं हातातून पडलं आणि त्यामागून तोही. धाकटी डॉक्टर धावत गेली, गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबू लागली आणि ओरडली, "कुलूपबाई, यंत्र!"

खिडकीतून तिला नवऱ्याच्या चपला ओळखू आल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच किल्ल्यांचा जुडगा तिला परका वाटला. शेवटी कुलूप निघालं. चादर, कागद सगळं ओढून फेकत तिने यंत्र छातीशी धरलं आणि पळत आवारात आणलं.

डॉक्टरने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, एकदा टुक् झालं आणि दिवा विझला.

"बॅटरी मेलीय! वायर लावून ठेवली नव्हती?"

"नव्हती."

आवारात भिंत होती, पण विजेचा बोर्ड नव्हता. चौघांनी त्याला उचलून आत नेलं. कुलूपबाई वायर सोडवत मागून धावली. कारखान्यात मारलेली गाठ अजून तशीच होती, ती तिने दातांनी तोडली. यंत्र सुरू झालं, तेव्हा त्याच्या पडद्यावर नुसती सरळ रेघ आली. डॉक्टरने तरीही बराच वेळ छाती दाबली. मग हात काढून घेतले. "मघाशी दिला असता तर झटका लागू पडला असता, बाई. आता झटका देण्यासारखं काही उरलं नाही."

मोठे साहेब घरी भेटायला आले. "तुमची काही चूक नाही," म्हणाले, आणि उठता उठता, "यंत्र तेवढं पुसून आत ठेवा. पाहुणे येतायत."

तिने यंत्र पुसलं. मग उचलून नेलं आणि गाडीत, जिथे त्याची जागा केलेली होती तिथे, पट्ट्याने बांधलं. नव्या ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी उभी केलीस की आधी वायर लावायची. हात नंतर धुवायचे."

पाहुणे आले तेव्हा कपाट उघडं होतं. आत घडी घातलेली चादर, बाकी काही नाही. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी परत तिच्याकडे बोट दाखवलं. "यंत्र कुठाय?"

"कामावर गेलंय."

शिकवून गेलेल्या परदेशी बाईने दुभाष्याकडे बघून विचारलं, यंत्र वापरता का तुम्ही?

"आता वापरतो," कुलूपबाई म्हणाली.

दुभाष्याने सांगितलं. त्यातला 'आता' त्याने सांगितला की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. परदेशी बाई खूश होऊन हसली आणि तिने कुलूपबाईचा हात हातात घेतला.

तेवढ्यात गाडी आवारात वळल्याचा आवाज आला. कुलूपबाई हात सोडवून सवयीने दारापर्यंत गेली, आणि तिथेच थांबली.