चहासुद्धा नाही

"उठा मास्तर, तुमच्या जागी मी बसते," असं म्हणत सिस्टर पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसल्यासुद्धा. मला त्यांच्या खुर्चीत बसावं लागलं. बायको शेजारी हसू दाबत होती.

दुसऱ्या दिवशी माझं पित्ताशय काढायचं होतं. ऑपरेशनआधी पेशंटला सगळं समजावून सांगायचं, हे सिस्टरांचं काम. पोटाला चार लहान छेद, आत दुर्बीण, खडे, सगळं त्यांनी चित्र काढून दाखवलं होतं. पण "समजलं का?" असं त्या कधी विचारायच्या नाहीत. त्यावर सगळे नुसत्या माना डोलावतात.

"आता मी पेशंट, तुम्ही सिस्टर. सांगा, उद्या सकाळी मी काय करू?"

मी घसा खाकरला. मी पडलो शिंपी. मापं घेण्यापलीकडे लोकांशी बोलायची सवय नाही. "रात्रीनंतर काही खायचं नाही. सकाळी उपाशीपोटी यायचं. फक्त कपभर चहा घ्यायचा."

सिस्टर चपापल्या. "चहा कुणी सांगितला?"

"चहा म्हणजे काय खाणं झालं का?"

त्या रागावल्या नाहीत. "बोललात ते बरं झालं. दुधाचा चहा पोटात राहतो, मास्तर. भूल दिल्यावर तो वर आला आणि फुप्फुसात गेला, तर जिवावर बेततं."

सकाळी मेव्हणा थर्मास घेऊन हजर. "घोटभर घ्या, दाजी. त्यानं काय होतंय?" मी तोंड फिरवलं. आज मशीनवर पाय चालतोय तो त्या बाईंमुळे, हे मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतो. बायको म्हणते, "अहो, पुरे. लोक कपडे शिवायला येतात."

याला सहा वर्षं झाली. काल सिस्टर दुकानात आल्या, हातात सुती कापड.

"सैल गाऊन शिवा, मास्तर. पुढून बटणं, बगल मोकळी. काही दिवस हात वर होणार नाही." मग टेपकडे बघत म्हणाल्या, "छातीत गाठ आहे. परवा ऑपरेशन."

मी टेप अगदी सैल धरून माप घेतलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "डॉक्टरांनी नीट समजावलं ना सगळं?"

"मला कोण समजावणार? म्हणाले, सिस्टर, तुम्हाला काय वेगळं सांगायचं. कागद पुढे केला, मी सही केली." त्यांनी हातातल्या कापडाची घडी उगाच नीट केली. "तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले. आता स्वतःची वेळ आली तर डोक्यात काही राहत नाही. आणि विचारायची लाज वाटते."

मी टेप गळ्यात टाकला आणि गिऱ्हाइकाचं स्टूल पुढे ओढलं.

"बसा. आता मी सिस्टर."

त्या हसल्या, पण बसल्या.

"गाठीचं मला काही कळत नाही. ते उद्या डॉक्टरांना विचारायचं. मी आणि बायको, दोघं बरोबर येतो. तुम्हाला लाज वाटली तर मी विचारीन. मी अडाणी माणूस, मला कसली लाज? पण आदल्या रात्रीचं मात्र मला पाठ आहे." मग त्यांनीच शिकवलेलं सगळं मी सावकाश सांगितलं.

शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "सकाळी थोडा चहा?"

"चहासुद्धा नाही, सिस्टर."

त्यांनी पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला, माझ्या कानावरची पेन्सिल मागितली आणि कोऱ्या बाजूवर तेवढंच लिहून घेतलं.