एका घराची दुसरी किल्ली

मंगळवारी सकाळी दहा वाजता मी पुण्यातील रुग्णालयात बसून फोनवर व्हीपीएन, म्हणजे घरच्या संगणकापर्यंतची खासगी वाट, जोडला आणि त्यातून साताऱ्याच्या आमच्या घरात शिरलो. चपला खाटेखालीच राहिल्या.

मध्ये एक बोगदा लागतो. मी तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस. मोजल्याशिवाय कशात पाऊल टाकत नाही. लांबी चौदा मीटर, रुंदी बासष्ट सेंटिमीटर. तो स्वयंपाकघरात उघडतो. तेथे फळीवर मी निवृत्तीनंतर स्वतः बसवलेला सर्व्हर आहे. घरातील छायाचित्रे, दारावरचा कॅमेरा, कुंड्यांचा पंप, सर्व त्याच्यावर चालते.

मी माझ्या पत्नीला, प्रमिलाला, आणायला गेलो होतो. झटका आल्यापासून ती फोन हातात धरून खाटेवर पडून होती. डोळे उघडे होते, पण ती तेथे नव्हती. डॉक्टरांनी तिच्या फोनवरही व्हीपीएन जोडलेला पाहून ती घरी गेल्याचे सांगितले.

"घेऊन या," ते म्हणाले. "शुक्रवारनंतर वाट राहत नाही."

घरातही ती नव्हती. ओट्यावरचा चहा गरम होता, मेथी अर्धी निवडलेली. कॅमेऱ्यात पाहिले तेव्हा ती बाहेर पायरीवर दिसली. मांडीवर भाजीची पिशवी, दाराकडे पाठ. दार आतून उघडेना. मी परतलो.

बुधवारी बोगदा एकतीस मीटर लांब आणि चव्वेचाळीस सेंटिमीटर रुंद होता. मेथी सगळी निवडून झाली होती. मी कॅमेऱ्यातील मागचे चित्रण तपासले. मी घराबाहेर पडताच पायरी रिकामी झाली होती. मी आत येताच ती पुन्हा पायरीवर होती.

दोष माझा होता. व्हीपीएनची किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ. तिच्यावरून सर्व्हर माणूस ओळखतो आणि एका किल्लीवर एकालाच आत राहू देतो. मी दोघांच्या फोनमध्ये एकच किल्ली भरली होती. "माझी वेगळी करा," असे प्रमिला तेव्हा म्हणाली होती. एका घराला दोन किल्ल्या कशाला, असे मी विचारले होते. दाराच्या कुलपाबाबतही माझे हेच धोरण होते. त्यामुळे मी कारखान्यातून येईपर्यंत ती अडतीस वर्षे भाजी घेऊन पायरीवर बसत आली.

शुक्रवारी रुंदी एकोणतीस भरली.

"बाबा, अडकलात तर?" आमच्या मृदुलाने विचारले.

"तर माप चुकले असे समज."

मी श्वास सोडून, आडवा होऊन पार झालो. पायरीकडची खिडकी उघडत नव्हती, पण काचेतून आवाज जात होता.

"अगं, मी आहे."

"कळलं," ती मागे न पाहता म्हणाली. "तुम्ही आत आलात की मी बाहेर असते."

"तुझी वेगळी किल्ली करतो आहे."

"अडतीस वर्षांनी?"

"हो."

"करा सावकाश. पायरी ओळखीची आहे."

मी सर्व्हरसमोर बसलो. पाठीमागे बोगद्याचे तोंड आता वहीएवढे झाले होते. मी घाई केली नाही. प्रत्येक अक्षर दोनदा पडताळले. शेवटी पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन उमटला. फोनने तो टिपला की किल्ली फोनची होते. मी पडदा वायरीसकट उचलून काचेला लावला.

प्रमिलाने पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि वळून फोन वर धरला.

माझ्या खिशात मृदुलाचा संदेश आला: आईचा अंगठा हलला.

बोगद्याकडे मी पाहिले नाही. मोजायची टेप खिशातच राहू दिली. मी घरात असताना प्रथमच आमच्या दाराचे कुलूप बाहेरून फिरू लागले.