खालून तिसरी कडी

मित्रांनो, धर्मशाळेच्या मागे ओल्या सरपणाच्या ढिगाखाली एक गंजकी साखळी पडलेली दिसेल. ती मी. हल्ली कुणाचा पाय अडकला तरच माझ्याकडे लक्ष जातं, आणि मग जे शब्द कानी पडतात ते सांगण्यासारखे नसतात. पण एक काळ असा होता, की या डोंगरातल्या महादेवाकडे जाणारा एकही माणूस मला धरल्याशिवाय गेला नाही.

आमचा महादेव शिखरावर बसलेला नाही. तो डोंगराच्या पोटात आहे. बांजाच्या, म्हणजे डोंगरी ओकच्या, झाडांखाली कातळाला एक फट आहे. तिच्यातून पाय आधी सोडून, पाठ घासत, अंधारात उतरावं लागतं. शेवटचा टप्पा तर जवळजवळ उभाच. खाली गेलं की कातळ एकदम रुंदावतो. तिथे एक ओला काळा दगड आहे आणि छतातून त्याच्यावर बारा महिने थेंब पडतो. माझ्या आधी लोक सालीचा दोर धरून उतरत. ओल्या हवेत तो वर्षभरातच कुजे, आणि दर वर्षी कुणाचा ना कुणाचा गुडघा फुटे.

माझा जन्म पनीराम लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी साखळी नव्हते. खाली रामगंगेवर एक झुलता पूल होता, त्याचे गज म्हणजे मी. महापुरात पूल गेला. गज दगडांत अडकून राहिले, ते गावाने दोन दिवस खपून वर आणले. पनीरामची बायको जसुली भाता ओढायची आणि तो मला तापवून, वाकवून, कडीत कडी गुंफायचा. घण मारताना बोलायचा नाही. बोलायची ती जसुली. "हळू मारा हो, देवाची साखळी आहे, दाराची कडी नव्हे." त्यावर तो एवढंच म्हणायचा, "देवाची नव्हे गं, पडणाऱ्याची. म्हणून तर जोरात मारतोय."

शिवरात्र चार दिवसांवर आली आणि पावसाने कोळसा भिजला. गावातून निरोपावर निरोप येत होते. शेवटच्या काही कड्या त्याने त्याच दमट कोळशावर जोडल्या. लोखंड पांढरं होईपर्यंत तापायला हवं, तेव्हा कुठे सांधा एकजीव होतो. माझी एक कडी तेवढी तापलीच नाही. मला ते तेव्हाच कळलं होतं. पण लोखंडाला बोलता कुठे येतं?

मला गुहेत बसवायला पनीरामशिवाय दुसरं कोण जाणार? एरवी त्याच्या जातीच्या माणसाने देवळाच्या अंगणाची पायरीही चढायची नाही, असा रिवाज होता. पुजारी रेवाधर पाठक त्याला म्हणाले, "शेवटची खुंटी ठोकलीस की पाठ फिरवून वर यायचं. पुढे बघायचं नाही."

"बरं, पंडितज्यू," तो म्हणाला; आमच्याकडे 'जी'ला 'ज्यू' म्हणतात. आणि खरंच, दगडापासून पाच हातांवर असूनही त्याने मान वळवली नाही. पण शेवटचा घाव घालून त्याने एकेक कडी हातोडीने वाजवून पाहिली. सगळ्या खणखणल्या. खालून तिसरी मात्र बद्द वाजली. त्याने ती पुन्हा वाजवली. पुन्हा बद्द.

तो वर येताच गुहा गोमूत्र शिंपडून धुतली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पायरीखाली येऊन उभा राहिला.

"पंडितज्यू, माझ्या हातून एक कडी कच्ची राहिली आहे. खालून तिसरी. मला परत उतरू द्या, बदलून देतो."

"कालच तर शुद्धी केली," रेवाधर म्हणाले. "शिवरात्र होऊ दे."

शिवरात्र झाली. तो पुन्हा आला. "गव्हाची कापणी होऊ दे," उत्तर मिळालं. कापणीनंतर तिसऱ्यांदा आला, तेव्हा अंगणात परगावचे दोन यजमान बसले होते. रेवाधर चिडले. "जी एकदा धड जमली नाही, ती दुसऱ्यांदा करायची अक्कल कुठून आणणार आहेस? जा आता!"

पनीराम गेला, पण वाटेत पाण्याच्या धारेवर त्याला हंसादीदी भेटल्या. रेवाधरांच्या या थोरल्या बहिणीने लहानपणीच नवरा गमावला होता. भावाचं घर सांभाळायचं आणि रोज सकाळी तांब्याच्या कळशीतून देवाला पाणी न्यायचं, हेच त्यांचं आयुष्य. तीनही वेळा त्या दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या.

"दीदी, निदान त्या कडीला चिंधी तरी बांधा," पनीराम म्हणाला. "तिथे भार टाकू नका. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगा."

हंसादीदींनी लुगड्याचा पदर फाडून तिसऱ्या कडीला बांधला. पण काय झालं ते ऐका. भाविकांना वाटलं, ही नवसाची चिंधी. मग त्यांनीही बांधायला सुरुवात केली. लाल, पिवळ्या, जरीच्या. दोन महिन्यांत मी अंगभर चिंध्यांनी झाकून गेले. सगळीकडे नवस होता, आणि त्यात धोक्याची खूण कुठली, ते कुणालाच ओळखता येईना.

आषाढात कातळ ओला होता. हंसादीदी कळशी घेऊन शेवटच्या टप्प्यावर होत्या आणि त्यांच्या वर शेजारच्या गावची एक नवी सून उतरत होती. तिचा पाय घसरला. तिने माझ्यावर सगळा भार टाकला. मित्रांनो, मी धरायचा प्रयत्न केला. आजही सांगते, मी धरायचा फार प्रयत्न केला. तिसरी कडी उघडली. ती मुलगी हंसादीदींच्या अंगावर कोसळली आणि कळशी गडगडत खाली गेली. मुलगी खरचटण्यावर बचावली. हंसादीदींचं मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. त्यांना घोंगडीत घालून वर काढायला आठ माणसं लागली.

गाव पनीरामच्या दारात गेलं.

"कच्चं लोखंड देवाच्या गळ्यात बांधलंस!" गावचे प्रधान, म्हणजे सरपंच, ओरडले.

"मी सांगितलं होतं," पनीराम म्हणाला.

"कुणाला? तुझ्या भात्याला?"

लोक हसले. पनीरामने गर्दीत उभ्या असलेल्या रेवाधरांकडे पाहिलं. रेवाधर उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "ज्यांना सांगितलं त्यांना ठाऊक आहे," एवढं बोलून पनीराम आत गेला.

त्या दिवसापासून त्याच्या भट्टीवर कुणी विळा आणला नाही की कुदळ. कामाच्या बदल्यात धान्य घरोघरून यायचं, तेही बंद झालं.

माझा तुटका तुकडा रेवाधरांच्या ओसरीत आणून टाकला होता. आतल्या खोलीत हंसादीदी खाटेवर पडून असत. म्हणून मी जे ऐकलं ते सांगू शकते.

"रेवा, हाड माझं मोडलं. पनीरामचं घर का मोडतोस?"

"दीदी, पुजाऱ्याचीच चूक म्हटली तर लोकांचा देवावरचा विश्वास उडेल."

"देवाला मध्ये आणू नकोस. उडेल तो तुझ्यावरचा. तुझ्या इभ्रतीच्या टेकूवर नाही उभा तो डोंगर."

त्या संध्याकाळी रेवाधरांनी ताट तसंच सारलं. दुसऱ्या दिवशीही.

अपघाताला वीस दिवस झाले आणि हरेल्याचा सण आला. त्या दिवशी पुजारी उगवलेले कोवळे पिवळे कोंब प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवून आशीर्वाद देतो. सगळं गाव अंगणात रांगेने उभं होतं. रेवाधरांनी कोंबांची टोपली उचलली आणि परत खाली ठेवली.

"आधी ऐका," ते म्हणाले. "पनीराम तीन वेळा माझ्याकडे आला होता. कडी कच्ची आहे, बदलू द्या म्हणाला. मी तीनही वेळा त्याला हाकललं. आता ज्याला माझ्या हातचा आशीर्वाद हवा असेल त्यानेच पुढे यावं."

कुणी हललं नाही. मग एक म्हातारा खाकरला. "वीस दिवस काय जिभेला फोड आला होता का रे?"

"भीती वाटली, काका."

रेवाधरांनी मला उचललं. जन्मात कधी न गेलेल्या वाटेने ते खाली लोहारांच्या वाडीत गेले. भट्टी थंड होती. जसुली दारातच बसली होती. ती उठली नाही.

"पंडितज्यू, वीस दिवस आम्ही रानातले कंद उकडून खाल्ले," ती म्हणाली. "माफी मागायला आला असाल तर मागा. पण तिची भाकरी होत नाही."

रेवाधर मला हातात घेऊन उभेच राहिले. शेवटी पनीराम बाहेर आला. त्याने फुटकी कडी उजेडात धरली. सांधा अर्धा काळा होता, अर्धा चकचकीत.

"हा काळा भाग जुळलाच नव्हता," तो म्हणाला. "चूक माझीच. पण मी ती लपवली नव्हती."

"ठाऊक आहे," रेवाधर म्हणाले.

"कडी करून देईन. पण यावेळी मी पाठ फिरवून येणार नाही. आणि मी वर आल्यावर गुहा धुवायची नाही."

रेवाधरांनी मान हलवली. गावात त्यावरून पुष्कळ कुरबुर झाली. दोन घरं वर्षभर देवळात आली नाहीत. पण त्याच संध्याकाळी प्रधानांच्या बायकोने डोक्यावरून मडुव्याचं, म्हणजे नाचणीचं, पोतं आणून जसुलीच्या दारात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी तीन विळे धारेला आले.

यावेळी कोळसा सुका होता. गुहेच्या तोंडाशीच भट्टी लावली. कडी खणखणली. मग पनीराम शेवटची खुंटी ओलांडून पुढे गेला आणि त्या ओल्या दगडासमोर बसला; रेवाधरही त्याच्या मागोमाग उतरले होते. मी पाच हातांवर होते. त्याने बराच वेळ हात जोडले नाहीत, नुसता पाहत राहिला.

"पंडितज्यू, हे पाणी कुठून येतं हो?"

"मला ठाऊक नाही. माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं."

"मला वाटायचं, तुम्हाला सगळं सांगून ठेवलं असेल," पनीराम म्हणाला. मग त्याने तळहात पुढे केला, एक थेंब झेलला आणि डोळ्यांना लावला.

हंसादीदी पुन्हा कधी खाली उतरल्या नाहीत. रेवाधर रोज त्यांना पाठीवर घेऊन गुहेच्या तोंडाशी उन्हात बसवत. वर येणारा माणूस त्यांच्या ओंजळीत थोडं तीर्थ घाली. पनीराम जिवंत होता तोवर दर शिवरात्रीआधी हातोडी घेऊन येई आणि माझी एकेक कडी वाजवून पाही. तो गेला. त्याचा मुलगा हल्द्वानीला कारखान्यात लागला. मग मला कुणी वाजवलं नाही. पुढे चकचकीत कठडा आला, विजेचे दिवे आले आणि मी इथे आले. त्याचं मला दुःख नाही. म्हातारपण लोखंडालाही येतं.

पण मित्रांनो, एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. गुहा झाडणारी तुलसी परवा इथे सरपण न्यायला आली होती. ती कुणाला तरी सांगत होती, "शेवटच्या टप्प्यावरचा कठडा हलतोय हो. हात ठेवला की कातळातून भुगा पडतो." समोरचा माणूस घाईत होता. "यात्रा संपू दे," म्हणाला आणि निघून गेला.

यात्रा अजून महिनाभर चालेल. तुमच्यापैकी कुणी तिकडे निघालं असेल, तर आधी तुलसीला गाठा. ती सकाळी लवकर येते, हातात खराटा असतो. ती काय सांगते ते नीट ऐकून घ्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत तिथून हलू नका.