चौथा फर्मा

बाइंडरच्या उजव्या हाताची दोन बोटं कटिंग मशीनखाली गेली त्याला आठ महिने झाले, आणि या आठ महिन्यांत एकच वाक्य ऐकून ऐकून त्याच्या बायकोचे कान किटले होते: दुःख माणसाला नम्र करतं. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, शेजारीण म्हणाली, जिला साधी दाढदुखी सोसत नाही ती नणंदही म्हणाली. डोंबलाचं नम्र! घरातला नम्र माणूस दिवसभर खुर्चीत बसून हुकूम सोडायचा. "खळ पातळ झाली." "टाका सैल पडला." शिवायचं तिनं, चिकटवायचं तिनं, गठ्ठे पोहोचवायचे तिनं, आणि लोक विचारणार, "त्यांचा हात कसा आहे?" तिचे दोन्ही हात धडधाकट होते ना, मग त्यांची चौकशी कोण करतो!

पाळकसाहेबांनी एकदा समजावलंही होतं. बायबलमधल्या इजिप्तच्या फारो राजावर संकटं आली तेव्हा दर संकटागणिक त्याचं मन कठीण होत गेलं. ईयोबाचंही सगळं गेलं, तो राखेत बसला, देवाशी भांडला, पण शेवटी नमला. ती मनात म्हणाली, घरी येऊन बघा, फारो खुर्चीत बसलाय.

शेवटी तिनं ठरवलं. चर्चची साठ गीतपुस्तकं बांधून द्यायची आणि सोमवारी बहिणीकडे निघून जायचं, कायमचं. नवऱ्याला तसं तोंडावर सांगूनही टाकलं.

शुक्रवारी ती टेबलावर फर्मे मांडत होती. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. क्रमानं एकावर एक ठेवून शिवली की पुस्तक होतं.

"अगं, चौथा गठ्ठा बघ एकदा," तो खुर्चीतून म्हणाला.

दिवसातली ती त्याची चाळिसावी सूचना असेल. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोटांबरोबर तुमची जीभही गेली असती तर सुटले असते मी!"

तिनं गठ्ठ्याकडे बघितलं नाही, मुद्दामच बघितलं नाही.

रविवारी चर्चमध्ये एका तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होता आणि सगळ्यांच्या हातात नवी गीतपुस्तकं. आनंदाचं गीत सुरू झालं, अठ्ठेचाळिसावं पान संपलं, मंडळींची नजर शेजारच्या पानावर गेली आणि तिथे पासष्टावं. चौथ्या फर्म्याच्या जागी पाचवा! भोळी मंडळी छापलंय ते गात सुटली, आणि बाळाच्या डोक्यावर पाणी पडत असताना सगळ्यांनी खड्या आवाजात दफनविधीचं गीत म्हटलं. बाळाची आजी मटकन खाली बसली.

बाइंडरच्या बायकोला दरदरून घाम फुटला. आता हा सगळ्यांदेखत म्हणणार, मी सांगत होतो. आणि तो उठलाच.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "फर्मे मी लावले. हात अजून बसला नाही."

"असू द्या, असू द्या," चहूकडून आवाज आले. आजीनंही डोळे पुसले.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात आठ महिने छळायचं आणि चारचौघांत संत! उपासना संपताच तिनं त्याला पायऱ्यांवर गाठलं. "खोटं कशाला बोललात? तेही देवाच्या घरात?"

"माझा हात बघून लोक सोडून देतात," तो खाली बघत म्हणाला. "तुला कुणी सोडलं नसतं. तुझ्याकडे कुणी बघतच नाही." मग पुटपुटला, "मीसुद्धा."

"मग हे सांगायला आठ महिने तोंड शिवलं होतं का?" ती कडाडली, आणि लगेच तिला शुक्रवारी आपण काय बोललो ते आठवलं. 'माझं चुकलं' हे त्याच्या तोंडून ऐकायला ती टपून बसली होती, आणि आता तेच दोन शब्द तिला म्हणवेनात. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून ती आणखी चिडली.

ती तरातरा आत गेली. पाळकसाहेब पुस्तकं गोळा करत होते.

"चूक माझी होती. यांनी सांगितलं होतं, मी हट्टानं बघितलं नाही."

पाळकसाहेब हळवे झाले. "दुःखानं तुम्हाला नम्र केलं, ताई."

"दुःखानं नाही हो!" ती जवळजवळ ओरडली. "दुःखानं तर माझा दगड झाला होता." आणि तिला रडू आवरेना.

नाक पुसत ती पुस्तकांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली आणि निम्मी पुस्तकं नवऱ्याच्या हातात कोंबली. "धरा. सगळी उसवायचीत. मी एकटी उसवणार नाही."

त्यानं तीन बोटांनी गठ्ठा सावरला. "आणि उद्या तू जाणार ना?" त्यानं भीत भीत विचारलं.

"साठ पुस्तकं एका दिवसात उसवतात होय?" ती खेकसली.