हाडं घालायला विसरले

तिकीट फाडायला डोकं लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दारावर उभं राहून बघावं. ताईला त्या थिएटरात सोळा वर्षं झाली होती. सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठा असलेला मॅनेजरसुद्धा. लोक बाहेर पडताना जिन्यावर किती बोलतात यावरून सिनेमा किती आठवडे टिकणार ते ती सांगायची, आणि तिचा अंदाज बहुधा चुकत नसे.

ज्यांचा हमखास चुकायचा ते म्हणजे वर्तमानपत्रातले एक समीक्षक. पाचपैकी अडीच ताऱ्यांच्या वर ते सहसा जात नसत, म्हणून थिएटरात त्यांचं नाव पडलं होतं अडीच. त्यांनी तोंडभरून कौतुक केलेला सिनेमा तिसऱ्या दिवशी गाशा गुंडाळायचा आणि नाक मुरडलेला सुपरहिरोचा सिनेमा धो धो चालायचा. मॅनेजर तर त्यांच्या तोंडावर विचारायचा, "काय साहेब, घातल्यात ना शिव्या? मग जादा शो लावतो!" अडीच हसायचे. हसायचे म्हणजे ओठ ताणायचे. चोवीस वर्षं लिहून एका माणसाचंही पाऊल आपण थिएटराकडे वळवलं नाही की तिथून परतवलं नाही, हे त्यांना मनोमन ठाऊक होतं, आणि ते त्यांना खात होतं.

त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या सुपरहिरोच्या सिनेमाची मात्र ताई स्वतःच वाट पाहत होती. त्या सिनेमात तिचा धाकटा भाऊ होता. तो कुठे आहे हे सांगायची मात्र चोरी होती.

एक तास बारा मिनिटांनी नायक उंच इमारतीवरून कोसळतो. मधल्या एका कठड्यावर पाठीने आपटतो, नको तिथून उलटा दुमडतो आणि खाली जातो. मग उठून उभा राहतो, कारण सिनेमातली माणसं उठतातच. ती उडी धाकट्याची होती. स्टंटमनच होता तो. दोन वायरींपैकी एक अडकली, अंग तिरकं झालं, आणि जो कठडा दोन हात लांब राहायला हवा होता तो पाठीत बसला. शुद्ध जाण्याआधी त्याने ऐकलेला शेवटचा शब्द होता दिग्दर्शकाचा, "ओके!" त्या गोष्टीला दीड वर्ष झालं. कंबरेखाली त्याला काहीच कळत नव्हतं.

कंपनीने शॉट ठेवला. चेहरा कॉम्प्युटरवर नायकाचा चिकटवला, अंग धाकट्याचं राहिलं. नायक प्रत्येक मुलाखतीत छाती फुगवून सांगत होता की सगळ्या उड्या मी स्वतः मारल्या. धाकट्याकडून मात्र कागदावर सही घेतली होती. याबद्दल कुठे चकार शब्द निघाला नाही तर औषधोपचार कंपनीकडे, निघाला तर तुमचं तुम्ही बघा.

"ताई, शॉट ठेवला त्यांनी," एवढंच धाकटा म्हणायचा. "म्हणजे वाया नाही ना गं गेलं."

त्या एका वाक्यावर तो जगत होता. ताईलाही त्याच वाक्याचा आधार होता.

पहिल्या शुक्रवारी ती बरोबर एक तास दहा मिनिटांनी टॉर्च घेऊन आत शिरली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्याकडे नाही, तिने माणसांकडे पाहिलं. अंग कठड्यावर दुमडलं आणि चारशे माणसांचा श्वास एकदम आत गेला. कुणीतरी "आई गं!" म्हणालं. तिसऱ्या रांगेतल्या बाईने डोळे झाकून घेतले.

संध्याकाळी घरी येऊन तिने ते सगळं सांगितलं. धाकट्याने तीनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "दाढी करून दे." महिनाभर त्याने दाढीला हात लावू दिला नव्हता.

"मला यायचंय," साबण लावता लावता तो म्हणाला. "स्वतः ऐकायचंय."

"तुला वीस मिनिटं बसवत नाही."

"बसेन की. एक तास बारा मिनिटं बसायचंय. तेवढी सवय करतो."

"एक तास झाल्यावर आत नेते तुला."

"मधेच घुसायचं नाही. तिकीट काढून, सुरुवातीपासून."

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी कामाला निघण्याआधी पाठीमागे उशी लावून त्याला खुर्चीत बसवू लागली. घड्याळ समोर. पंचवीस मिनिटं. मग तीस. घामाने भिजायचा, पण दात-ओठ खाऊन बसायचा.

त्याच शनिवारी अडीच यांचं परीक्षण छापून आलं. तारे दीड. एरवी ते कुणी वाचलंही नसतं, पण त्यात एक वाक्य होतं: "इमारतीवरून पडणारा नायक कठड्यावर असा दुमडतो की कॉम्प्युटरवाल्यांना विचारावंसं वाटतं, बाबांनो, सगळं घातलंत, हाडं घालायला विसरलात का?"

वाक्य चटकदार होतं, कबूल करायला हवं. रविवारपर्यंत ते फोनाफोनांतून फिरलं. कुणीतरी पडण्याचा तुकडा कापून त्याखाली ते चिकटवलं, कुणी त्याला चाल लावली. सोमवारी थिएटरात एक पोरगा ओरडला. बुधवारपासून अख्खं थिएटर तयारच असायचं. नायक कठड्याशी आला की चारशे माणसं एका सुरात, "हाडं घालायला विसरले!" आणि मग हशा. काही जण तर तेवढ्यासाठीच दुसऱ्यांदा येत होते.

मॅनेजर खूश होता. "आयुष्यात पहिल्यांदा अडीचसाहेबांचा धंद्याला उपयोग झाला," तो म्हणाला. "तारे दीड आणि बोर्ड हाऊसफुल!"

ताई रोज टॉर्च घेऊन आत जायची आणि रोज ते ऐकून बाहेर यायची. घरी धाकटा कान टवकारून बसलेला असायचा.

"आज?"

"आज तर एक बाई रडलीच," ताई म्हणायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडायची. एकदा खोटं बोललं की दुसऱ्या दिवशी त्याहून सुरस बोलावं लागतं. एका म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला, एक मुलगी अर्ध्यातून उठून गेली, असं तिने दहा-बारा दिवस रंगवून रंगवून सांगितलं. तो चाळीस मिनिटांवर आला. मग पंचावन्न.

दुसऱ्या गुरुवारी अडीच कुठल्याशा नव्या सिनेमाच्या खास शोला आले. ताईने त्यांना जिन्यावर अडवलं.

"साहेब, दोन मिनिटं आत चला माझ्याबरोबर."

"तो सिनेमा? मी पाहिलाय, बाई."

"तुम्ही पाहिलाय. लोक तो कसा बघतात ते पाहिलं नाहीत."

ते आले. अंधारात तिच्याशेजारी उभे राहिले. नायक कठड्याशी आला आणि थिएटर गरजलं, "हाडं घालायला विसरले!" ताईने टॉर्चचा उजेड खाली सोडला होता, त्यात तिला त्यांचा चेहरा दिसला. तो उजळला होता. चोवीस वर्षांनी पहिल्यांदा चारशे माणसांच्या तोंडी त्यांचं वाक्य होतं. त्या माणसाचा इतका खरा आनंद तिने कधी पाहिला नव्हता, आणि तिला त्यांचा गळा धरावासा वाटला.

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"जो पडला तो. कॉम्प्युटर नाही, साहेब. अंग त्याचंच. पडला तो उठलाच नाही अजून."

बाहेर पायरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"मला ते खोटं वाटलं," ते हळू आवाजात म्हणाले. "माणूस असा वळतच नाही हो."

"नाही वळत," ताई म्हणाली. "म्हणून तर."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग घाईने म्हणाले, "मी उद्याच लिहितो. चूक झाली म्हणून लिहितो. ते खरं होतं म्हणून."

"लिहाल तर त्याची औषधं बंद. सही केलीय त्याने."

"मग मी करू काय?"

धाकटा पासष्ट मिनिटांवर आला होता आणि त्याला आता थोपवून धरणं शक्य नव्हतं. तिला एकच सुचलं, आणि ते बोलताना तिची तिलाच लाज वाटली.

"मंगळवारी सकाळचा शो रिकामाच असतो. त्याला तेव्हा आणते. तुम्ही मागे येऊन बसा. आणि तो पडेल तेव्हा ओरडा. घाबरल्यासारखं. त्याला ऐकू जाईल असं."

अडीच यांनी मान डोलावली. लोकांनी काय पाहावं हे सांगण्यात आयुष्य घालवलेला माणूस स्वतःचे पैसे मोजून किंचाळायला तयार झाला.

मंगळवारी धाकट्याने धुतलेला शर्ट घातला. ताईने सुट्टी टाकली होती, तरी दारावर ती स्वतःच उभी राहिली आणि तिकिटं फाडता फाडता एकेकाचं तोंड न्याहाळलं. अकरा माणसं आली. एक म्हातारं जोडपं, एक झोपाळलेला माणूस, दोघी-तिघी बायका, बाकी एकटे-दुकटे. पोरांचं टोळकं नव्हतं. तिने देवाचे आभार मानले. कोपऱ्यात धाकट्याची चाकांची खुर्ची लावून ती त्याच्याशेजारी बसली. शेवटच्या रांगेत अडीच येऊन बसले.

धाकटा ताठ बसला होता. पन्नास मिनिटं झाली, साठ झाली. त्याच्या कपाळावर घाम आला, तो तिने रुमालाने टिपला. त्याने तिचा हात बाजूला सारला, पडद्यावरची नजर काढली नाही. ती घड्याळ बघत होती. सत्तर. एकाहत्तर.

नायक पडला. कठड्यावर आपटला. दुमडला.

"अरे देवा!" मागून आवाज आला. तो नाटकी नव्हता. जे खरं आहे हे ठाऊक आहे ते पाहून माणूस ओरडतो तसे अडीच ओरडले होते, आणि उठून उभे राहिले होते. ताईचा जीव भांड्यात पडला. ती धाकट्याकडे वळली.

धाकट्याने स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हटलं, "हाडं घालायला विसरले!"

ती अकरा माणसं हसली. म्हातारी तर पदराआड खुदुखुदु हसली.

"तुला... कधी कळलं?"

"त्याच रविवारी. फोन माझ्या हातातच असतो की."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू इतकं छान सांगायचीस."

"आणि मग हे बसणं? रोजचं?"

तो अजूनही पडद्याकडेच बघत होता. "फोनवर तो तुकडा मी शंभरदा पाहिला असेल, ताई. चेहरा त्याचा. कपडे त्याचे. आणि ते अंग... आधी वाटायचं माझं आहे. मग सगळे म्हणायला लागले, तसं वाटेना. म्हटलं, मोठ्या पडद्यावर तरी ओळखू येतं का बघू." त्याचा आवाज बारीक झाला. "नाही गं येत. बरोबरच लिहिलंय त्यांनी. माणूस असा नाही वळत. तो मीच होतो ना?"

ती तेव्हा तिथे नव्हती. त्या दिवशी ती इथेच, या दारावर तिकिटं फाडत होती. तरी तिने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"तूच होतास. देवाशपथ, तूच होतास."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तू सांगायचीस त्या रडलेल्या बाईसारखा?" तो म्हणाला.

पडद्यावर नायक उठून उभा राहिला होता आणि मागच्या रांगेत अडीच अजून उभेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी उशी घेऊन त्याच्या खोलीत गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. खुर्ची तिने जवळ ओढली, तेव्हा त्याने फक्त मान हलवून नको म्हटलं.