क्लिफर्डच्या गाडीतले जपानी सोफे

"दार लाव आधी," गॅरेजच्या फरशीवर उताणा पडलेला क्लिफर्ड पार्जिटर कुजबुजला. "क्लबाचा रॉडनी याच वेळेला कुत्र्याला फिरवायला नेतो."

"लावलंय," त्याची बायको बेरिल म्हणाली. "आणि जरा मोकळ्या आवाजात बोल. गाडीच्या सीट बदलतोयस, मुडदा लपवत नाहीयेस."

क्लिफर्डला मुडदा परवडला असता. मुडद्याबद्दल क्लबाच्या नियमांत काही लिहिलेलं नव्हतं.

हा क्लब म्हणजे इंग्लंडात वूस्टरच्या आसपास जुन्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्या सद्गृहस्थांचा. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, तशीच आजही असली पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. मालक मात्र कारखान्यातून निघाले तसे राहिले नव्हते आणि त्याबद्दल नियम नव्हता. क्लिफर्डने पाणीपुरवठा कार्यालयात आयुष्यभर कारकुनी केली आणि त्या काळात त्याचं मत कोणी विचारलं नाही. क्लबात मात्र तो 'आतल्या बाजूचा' परीक्षक होता. उन्हाळी मेळाव्यात गाड्या पबच्या हिरवळीवर ओळीने उभ्या राहत आणि क्लिफर्ड टॉर्च घेऊन त्यांच्या सीटखाली डोकं घालत फिरे. सीटच्या कडेला शिवलेली पांढरी दोरी जरा जास्त पांढरी दिसली की गुण कापी. आधुनिक सीट दिसली की शून्य. शिवाय ती गाडी हिरवळीवरून हलवून मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, खरकट्याच्या पिंपांजवळ खडीवर लावायची. ही प्रथा त्यानेच पाडली होती. "जपानी सोफे," तो म्हणायचा. "घरी न्या, त्यावर बसून टीव्ही बघा."

गेल्या हिवाळ्यात त्याच्या कण्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या सदुसष्ट सालच्या हिरव्या, बिनछपराच्या एमजी गाडीत सीटखालचे रबरी पट्टे इतके लोंबले होते, की आत बसणं म्हणजे बादलीत बसणं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाठ हवी की ही गाडी?" क्लिफर्डने विचार करायला वेळ मागितला. कारण स्वतःच्या गाडीने जो येत नाही, त्याला परीक्षक होता येत नाही, हाही नियम त्यानेच केलेला. गाडी गेली की परीक्षकपद जाणार, आणि ते गेलं की पाणीपुरवठा खात्यातला एक म्हातारा तेवढा उरणार. म्हणून मग त्याने दोन जिल्हे पलीकडच्या, आपल्याला कोणी ओळखणार नाही अशा भंगारवाल्याकडून, अपघातात चेपलेल्या एका जपानी गाडीच्या दोन सीट आणल्या. पावडर लावलेल्या बायकांकडे पाद्री बघतो तसा तो त्यांच्याकडे बघत होता.

"भोकं जुळत नाहीत," तो गाडीखालून म्हणाला.

"मग नवी पाड."

"सदुसष्टच्या पत्र्याला? बेरिल, हे पाप आहे."

"मग पाप कर आणि आटप. माझं मटण ओव्हनमध्ये आहे."

पाप केलं. लोखंडी पट्ट्या वाकवून नवे बोल्ट बसवले. सीटमधून एक पिवळी वायर लोंबत होती, तिचं काय करायचं ते दोघांनाही कळेना, तेव्हा ती गुंडाळून आत कोंबली. डोकं टेकायच्या उशीत चक्क स्पीकर निघाले. "म्हणजे ही माणसं मानेतून गाणी ऐकतात," क्लिफर्ड म्हणाला आणि त्याने दोन्ही उशा करवतीने उडवल्या. मग तो आत बसला. समोरच्या काचेची वरची चौकट बरोबर त्याच्या नाकासमोर आली. माणूस गाडीत बसल्यासारखा दिसेना, गाडीवर बसल्यासारखा दिसू लागला.

"मिरवणुकीतल्या राणीसारखा दिसतोयस," बेरिल म्हणाली. "हात हलव."

पुन्हा सीट काढून पावाच्या सुरीने आतला फोम तासला. बेरिल पूर्वी पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. तिने वरून काळ्या चामड्याची खोळ शिवली, अगदी मूळ सीटसारखी. पांढरी दोरी फार नवी दिसायला लागली तेव्हा तिने ती रात्रभर चहात भिजवली. जुन्या सीट पाहुण्यांच्या खोलीत चादरीखाली ठेवल्या, दोन आजारी मावशा ठेवाव्या तशा.

मेळाव्याच्या दिवशी क्लिफर्डने गाडी हिरवळीच्या अगदी टोकाला, झाडाच्या गडद सावलीत लावली. लोक आले. "वा, काय ठेवलीयस!" म्हणून इंजिनकडे बघून गेले. अध्यक्ष रॉडनी फॅनशॉ हे निवृत्त दंतवैद्य. त्यांनी नेमकी सीटवरच थाप मारली. "याला म्हणतात अस्सल," ते म्हणाले. "हल्ली अशी बैठक बनवतंय कोण?" क्लिफर्डने त्यांचे आभार मानले.

सुरुवातीला त्याला भीती वाटत होती. दुपार कलली तसा राग यायला लागला. फोम तासलेला, चहात बुडवलेली दोरी, दोन इंच उंच बैठक, आणि एकाही गाढवाला दिसू नये? इतकी वर्षं आपण कुणासाठी सीटखाली डोकं घालत होतो?

बेरिल चहाच्या रांगेत गेली तेव्हा ट्रेव्हर हॅस्लम आला. निवृत्त पोस्टमन, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गेल्या वर्षी क्लिफर्डने त्याचा पहिला नंबर दोरीच्या रंगावरून घालवला होता, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. ट्रेव्हर गाडीच्या दारापाशी थांबला. वाकला. दोरीला नाक लावलं.

"चहा?"

"चहा," क्लिफर्ड म्हणाला.

ट्रेव्हरने बैठक अंगठ्याने दाबली. ती टुणकन वर आली. "जपानी."

"हो."

"दोरीवरून घालवलंस मला, क्लिफर्ड. दोरीवरून! माझी बायको घरी जाईपर्यंत रडत होती."

"दोरी चुकीची होती."

"चुकीची होती हे मला काय माहीत नव्हतं?" ट्रेव्हर ओरडला. "मलाही रात्रभर झोप आली नव्हती! आणि तू, तू सोफे घालून हिरवळीवर?" त्याने तिथूनच हाक मारली, "रॉडनी! अहो अध्यक्ष! इकडे या, इथे घोटाळा आहे!"

अध्यक्ष हातात कागदी बशी आणि तोंडात अर्धं अंडं घेऊन आले. ट्रेव्हरने सगळं सांगितलं. अध्यक्षांनी सीटकडे पाहिलं.

"काळ्या आहेत की," ते म्हणाले. "मूळच्या काळ्याच असतात ना?"

"अहो, जपानी आहेत!"

"बरं, मग? पाठीला बऱ्या आहेत का, क्लिफ?" अध्यक्षांनी अंडं गिळलं. "हे बघा पोरांनो, सीटकडे कोण बघतं? क्लिफला काहीतरी काम द्यायला हवं होतं म्हणून आपण ते खातं काढलं. बक्षिसांच्या वेळी या वेळेवर." आणि ते चटणी शोधायला निघून गेले.

दोघे त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. एखाद्याने चर्चमध्ये पानाची पिंक टाकावी आणि दोघांनीच ती पाहावी, तसे.

"दंतवैद्य," ट्रेव्हर म्हणाला.

"त्याच्या स्वतःच्या गाडीचे गालिचे नायलॉनचे आहेत," क्लिफर्ड म्हणाला. "मी त्या वेळी सोडून दिलं."

"नायलॉन?" ट्रेव्हरने डोळे मिटले. मग उघडले आणि क्लिफर्डकडे सरळ पाहिलं. "शून्य," तो म्हणाला.

"शून्य," क्लिफर्ड म्हणाला. त्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी स्वच्छ निघाला. "आणि खडीवर."

"चल. वाट मी करून देतो."

ट्रेव्हर लंगडत पुढे झाला आणि दोन्ही हातांनी खुणा करत राहिला. बशा घेतलेली माणसं बाजूला झाली. का, ते कोणीच विचारलं नाही. क्लिफर्ड ताठ बसून, काचेच्या चौकटीखालून मान किंचित वाकवून, गाडी पबमागे पिंपांपर्यंत घेऊन गेला.

बेरिल दोन कप घेऊन हिरवळीवर आली तर गाडी नव्हती. ती शोधत स्वयंपाकघरामागे गेली. खडीवर, माश्यांच्या घोंघाटात, दोघे जण गाडीत शेजारी शेजारी बसले होते, हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या विटांच्या भिंतीवर. इंजिन बंद होतं.

"गुडघ्यांना कसं वाटतंय?" क्लिफर्ड विचारत होता.

"लाज वाटते सांगायला," ट्रेव्हर म्हणाला, पण उठला नाही.

बेरिलने दोन्ही कप त्यांना दिले आणि स्वतःसाठी तिसरा आणायला ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.